सिस्टरबाईंचा चिकटवलेला फोटो

शिवणवालीचं कुणीच खरं मानलं नाही. चाळीस वर्षं ती घसा फोडून सांगत होती, की पूर आला त्या दुपारी वस्तीच्या दवाखान्यातल्या सिस्टरबाई पळाल्या नव्हत्या. आणि चाळीस वर्षं तिला एकच उत्तर मिळत होतं, "तू तेव्हा आठ वर्षांची होतीस, आक्का. स्वप्न पडलं असेल."

स्वप्न कसलं डोंबलाचं! तिच्या आजारी आईला सिस्टरबाईंनी स्वतःच्या पाठीवर घेऊन माणसं न्यायला आलेल्या ट्रकपर्यंत आणलं होतं. काडीएवढी बाई, पण अशा पाच रोग्यांना एकटीनं बाहेर काढलं. सहावी एक लुळी म्हातारी राहिली होती. "आलेच," म्हणाल्या आणि गुडघाभर पाण्यातून परत आत गेल्या. असं काळीज बघायला नशीब लागतं. शिवणवालीनं ते बघितलं होतं; रोगी सगळे तापाच्या गुंगीत होते.

पण पूर ओसरल्यावर दवाखान्याचं नुसतं दार चौकटीसकट सापडलं, नदीच्या वळणावर अडकलेलं, बाहेरून कुलूप घातलेलं. झालं. म्हातारीला कोंडून बाई पळाली, असं ठरलं. पाणी चढलं की एकानं फिरून सगळ्या घरांना कुलपं घालायची, चोरीमारी नको, अशी वस्तीची रीत होती. त्या वर्षी ते काम गुरुजींकडे होतं. दवाखान्याला कुलूप आधीच होतं, असं ते म्हणाले. गुरुजींचा शब्द कोण खोडणार?

वस्ती उठली, माणसं दहा दिशांना पांगली. मग मोबाईल आले, जुन्या शेजाऱ्यांचा ग्रुप निघाला. कुणी विहिरीचा फोटो टाकी, कुणी शाळेच्या पायऱ्यांचा. गुरुजींनी साऱ्या आठवणी जमवून पुस्तक छापलं, आणि सिस्टरबाईंचं पळणं त्यात काळ्या अक्षरांत घातलं. रविवारी चार वाजता एका हॉलमध्ये ते वाटायचं होतं. एकदा घरोघर गेलं की संपलं, त्या बाईचं तोंड कायमचं काळं.

म्हणून शिवणवाली तीन वाजताच तिथं पोचली.

टेबलांवर वस्तीचे फोटो मांडत होते. दर वर्षी सगळ्यांचा एक फोटो निघायचा. सिस्टरबाई मात्र नेहमी कुणाच्या तरी बाळंतपणात अडकलेल्या. मग स्टुडिओवाला त्यांचा एक जुना फोटो कापून कडेला चिकटवायचा आणि पुन्हा छापायचा. सहा वर्षं तोच तुकडा. हात खाली, नजर समोर. लोक हसायचे, "बाई काही म्हाताऱ्या होत नाहीत!"

शिवणवालीनं चष्मा पुसला. पहिल्या फोटोत सिस्टरबाई समोर बघत नव्हत्या. मान डावीकडे वळलेली. दुसऱ्यात उजवीकडे. तिसऱ्यात पार मागे, शेवटच्या रांगेकडे.

"दादा," तिनं स्टुडिओवाल्याला हळूच हाक मारली, "हे बघा जरा..."

म्हाताऱ्यानं फोटो डोळ्यांजवळ नेला. मग दुसरा उचलला, तिसरा उचलला.

"मी... मी असा तुकडा कधी लावलाच नाही, आक्का."

"हातही बघा."

दोन्ही हात वर होते. तळवे उघडे, पुढे दाबलेले. आतून दार बडवताना माणूस धरतो तसे.

आणि सहाही फोटोंत नजर एकाच माणसावर होती. तो माणूस जिथं उभा असेल तिथं ती गेली होती. शिवणवालीनं मान वर केली. गुरुजी समोर खुर्चीत बसले होते, ऐंशी वर्षांचे, गळ्यात हार.

हॉलमध्ये गाळाचा वास पसरला. ओला, कुजका, नदीचा. त्यात डेटॉलचा उग्र दर्प.

मग आवाज आला.

ठक्... ठक्... ठक्.

कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटातून. पुस्तकं त्यातच होती. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या.

"उंदीर असेल..." एक काकू पुटपुटल्या.

"उंदीर थांबून थांबून ठोठावत नाही, काकू," शिवणवाली म्हणाली. "किल्ली कुणाकडे आहे?"

किल्ली गुरुजींच्या खिशात होती. त्यांनी ती काढली नाही. खिसा हातानं दाबून धरला.

"आत कुणी आहे का, असं विचारलंत का त्या दिवशी?" ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "एक हाक मारलीत?"

"पाणी चढत होतं, पोरी... अजून वीस घरं राहिली होती..."

"हाक मारलीत का?"

"नाही." आणि मग, अगदी बारीक आवाजात, "नंतर ऐकू आलं होतं. ठोठावणं. मी मागे... फिरलो नाही."

कपाट शांत झालं.

शिवणवालीनं त्यांच्या खिशातून किल्ली घेतली आणि दार उघडलं. आत फक्त पुस्तकं. दाराच्या आतल्या बाजूला मात्र दोन ओले तळवे उमटले होते, गाळाचे, काडीएवढ्या बाईचे.

"आधी हे पान दुरुस्त करायचं, मग वाटायचं," ती म्हणाली. चौथीपर्यंत शिकलेल्या हातानं तिनं पहिल्या पुस्तकातली ती ओळ खोडली आणि खाली लिहिलं: सिस्टरबाईंनी पाच जीव वाचवले, सहावा वाचवताना गेल्या. बाहेरून कुलूप घातलं ते...

तिथं पेन थांबलं. म्हाताऱ्या माणसाचं नाव लिहायचं म्हणजे तिलाही जड गेलं.

"आक्का..." काकूंनी दुसरं पुस्तक उघडलं होतं. स्टुडिओवाल्यानं तिसरं उघडलं, चौथं उघडलं.

त्यांतली ओळ कुणीतरी आधीच खोडली होती. खाली, औषधाच्या बाटलीवर लिहितात तशा नीटस अक्षरात, तपकिरी, अजून न वाळलेला, प्रत्येक पुस्तकात एकच शब्द होता.

गुरुजी.