उंबऱ्याखालची नावं

माझा नवरा जूत्रा वाडगे लिहायचा. मातीच्या वाडग्याच्या आत देवदूतांची नावं गोल गोल लिहायची आणि तो उंबऱ्याखाली पालथा पुरायचा. म्हणजे घरात वाईट काही शिरत नाही. आमच्या नेहार्दिया या यहुद्यांच्या गावात त्याच्या वाडग्याशिवाय कुणी नव्या घरात पाऊल ठेवत नसे.

सासूबाईंना मात्र हे पटत नसे.

"आपल्या पूर्वजाच्या, अब्राहामाच्या दारी देवदूत आले ते वाटसरू होऊन आले. झाडाखाली बसून वासराचं मांस जेवले. नाव विचारलं तर सांगायचे नाहीत."

"आई, देवदूत आगीचे असतात. आग कधी जेवते का?"

"तुझे सगळे देवदूत दरबारी कारकून झालेत रे! एकाकडे पाऊस, एकाकडे ताप. नुसती नावंच नावं."

मला दोघांचं हसू यायचं. मग ताबिताला ताप आला.

आमची एकुलती एक पोर. पुढचा दुधाचा दात नुकताच पडलेला. ताप उतरेना, तिला पाणीही गिळवेना. जूत्राने ठाऊक असलेलं प्रत्येक नाव एका वाडग्यात दाटीने लिहिलं, कडेला डांबर लावलं आणि उंबरा उकरून वाडगा पुरला. पुरताना तो रडत होता.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी दारात एक माणूस उभा राहिला. अनवाणी. कालवा आटलेला, रस्ताभर फुफाटा, तरी त्याची पावलं ओली होती.

"मुलगी आजारी आहे ना?" तो म्हणाला.

"नाव काय तुझं?" जूत्राने विचारलं.

"नाव कशाला विचारता?"

सासूबाई ताडकन उठल्या. "अरे, आत बोलाव त्याला!"

त्याने पाय उचलला. उंबऱ्यावर तो तसाच थांबला, मग मागे गेला. खाली बघत हळूच म्हणाला, "एवढ्या सगळ्यांना कशाला बोलावलंत?"

मला काय करावं सुचेना. मी भाकरी पुढे केली. त्याने ती घेतली, पण खाल्ली नाही.

"आत्ता नको. ती उठली की दोघं मिळून खाऊ."

तो गेला. सूर्य कलला तेव्हा ताबिता गेली.

तिला पुरून आलो. रीतीप्रमाणे घरातल्या सगळ्या खाटा पालथ्या घातल्या आणि जमिनीवर बसलो. शेजारणीने मसुरीची आमटी आणली होती. ती तशीच निवून गेली.

"मृत्यूच होता तो," जूत्रा म्हणाला. "आत आला असता तर..."

"तर काय? गेलीच ना ती?"

सासूबाईंनी त्याला जवळ घेतलं.

मी उठले. उंबरा उकरला आणि वाडगा काढून अंगणात नेऊन फोडला. मला कुणी अडवलं नाही.

सकाळी जाग आली.

उंबऱ्यापासून आत ओली पावलं उमटली होती. एकाच माणसाची, अनवाणी. ताबिताच्या खाटेपर्यंत गेलेली. परतीची नव्हती.

तिची खाट सुलटी होती.

त्यावर माझी भाकरी होती. अर्धीच उरलेली.

मी ती उचलली. एका कडेला छोटासा चावा होता, पुढच्या एका दाताची जागा सोडून.