सहावा त्रिकोण

पिवळ्या कार्डशीटचा दुकानात एकच कागद उरला होता आणि त्याला धरणारे हात होते चार!

"सोड. मी आधी पाहिलाय," भिंगरी म्हणाली.

"मी आधी धरलाय." समोर 'ब' तुकडीतला कंपास. खिशात कायम कर्कटक, भूमितीत पैकीच्या पैकी, म्हणून हे नाव. "तुला कशाला हवाय?"

"विषाणू करायचाय. प्रदर्शनासाठी. वीस त्रिकोणांचं बंद कवच आणि आत आरएनए."

त्याने तिच्याकडे पाहिलं... आणि कागद सोडूनच दिला. "मदतीला येऊ?"

झालं! दुसऱ्या दिवसापासून तो रोज संध्याकाळी तिच्या घरी हजर. त्रिकोण उडतात म्हणून पंखा बंद, बोटांना डिंक, नाकावर घाम. आणि विषाणू? तो काही बंद होईना! भिंगरी एका टोकाभोवती सहा त्रिकोण चिकटवायची. कसे छान जुळायचे, मध्ये फट म्हणून नाही! पण वळवायला गेलं की टर्रकन फाटायचे. चार दिवस हेच.

"डिंकच खराब असेल," कंपास शांतपणे म्हणायचा. "उद्या बघू."

भिंगरीच्या डोक्याचा मात्र पार गोंधळ. हा येतो कशाला? विज्ञानासाठी? की...? छे! काल कात्री देताना त्याचं बोट तिच्या बोटाला लागलं, तर तो दचकून म्हणाला, "विषाणू जिवंत असतो का गं?"

"पेशीबाहेर नुसता पडून असतो, दगडासारखा. पेशीत शिरला की तिच्याकडूनच स्वतःच्या हजार प्रती करून घेतो. म्हणजे धड जिवंत नाही, धड निर्जीव नाही."

"मग म्हणायचं काय त्याला?"

"मला काय विचारतोस!" ती खेकसली. तिला स्वतःलाच काय झालंय, ते तरी कुठे कळत होतं? रात्री पुस्तक उघडलं की प्रत्येक पानावर तोच. एक शिरला आणि हजार झाले!

आज शेवटची संध्याकाळ. उद्या प्रदर्शन. परवापासून हा कशाला येईल?

तेवढ्यात ताई चहाचा कप घेऊन डोकावली. "काय गं, तुमचं बाळ अजून अंथरुणातच? उठून बसत नाही?" असं म्हणत तिने कप नेमका त्रिकोणांवर टेकवला.

"ताई! डिंक ओला आहे!"

ताईने घाईघाईने कप उचलला, तर बुडाला चिकटून एक त्रिकोणही वर गेला. "घ्या, माझीही मदत झाली," म्हणत ताई पसार.

उरले पाच. मध्ये ही एवढी फट. भिंगरीने चिडून दोन्ही कडा खसकन जवळ ओढल्या आणि कागदाचा अलगद घुमट झाला! टेबलावर, तिच्या तळहाताएवढा.

"पाच! अरे, एका टोकाला पाचच हवेत! सहा लावले की सपाटच राहणार!" ती आनंदाने ओरडली आणि वळली.

कंपासला काहीच आश्चर्य वाटलं नव्हतं. त्याचे कान मात्र लालबुंद झाले होते.

"...तुला माहीत होतं?"

तो कर्कटक उघडत-मिटत राहिला.

"कधीपासून?"

"दुकानापासून."

"चार दिवस! अरे, माझी बोटं सोलली! सांगितलं का नाहीस, शहाण्या?"

"सांगितलं असतं तर..." तो थांबला. "तासाभरात झाला असता ना तुझा विषाणू. मग मी काय म्हणून आलो असतो?"

भिंगरीला राग यायला हवा होता. तो येतही होता... पण वाटेतच कुठेतरी हसू झाला.

मग दोघांनी एकोणीस त्रिकोण जोडले. कागदाच्या लांब पट्टीचा आरएनए गुंडाळी करून आत ठेवला, शेवटचा त्रिकोण बसवला. कवच बंद. कंपास दप्तर उचलायला लागला, अगदी सावकाश.

"जातोस कुठे?" भिंगरीने पुस्तक त्याच्यापुढे आपटलं. "आत डीएनए की आरएनए, एक धागा की दोन, प्रती कशा होतात, यावरून विषाणूंचे सात गट असतात. आपला एकच झालाय."

"पण प्रदर्शन तर उद्याच..."

"प्रदर्शनाचं कोण बोलतंय?"

त्याने बोटांवर हिशेब केला. "राहिले सहा. एकेकाला चार दिवस धरले तर... चोवीस."

"चारच?" भिंगरीने नवा कागद पुढे ओढला आणि त्याच्याकडे बघत, अगदी मन लावून, एका टोकाला सहावा त्रिकोण चिकटवला.