नावाआधीचे ‘चि.’

काचेच्या उभट बरणीत, कोऱ्या चहासारख्या दिसणाऱ्या द्रावात कुणाचे तरी मूत्रपिंड वाढत होते. अजून चिकूएवढेच होते. वरून दोन बारीक नळ्या त्यात उतरल्या होत्या आणि थोड्या थोड्या वेळाने ते किंचित फुगत होते. हर्षदाबाई पावसकर त्या बरणीपुढे उभ्या राहिल्या, पुढच्या बरणीपाशी गेल्या आणि पुन्हा पहिलीपाशी आल्या. खुर्ची होती, पण गेले वर्षभर त्यांना एका जागी बसवत नव्हते. कमरेचा गाळणपट्टा रक्त गाळताना मधमाशीसारखा गुणगुणायचा आणि बसले की तो आवाज जास्तच ऐकू यायचा.

“वहिनी, किती फिराल? चक्कर येईल,” त्यांची नणंद स्नेहल म्हणाली.

“रोपवाटिकेत कुणी बसतं का?”

दारावर पाटीच तशी होती, ‘अवयव रोपवाटिका’. रत्नागिरीच्या खाडीवरच्या टेकडीवर ही प्रयोगशाळा उभी राहून नऊ वर्षे झाली होती. हर्षदाबाईंचा जन्म मात्र दापोलीजवळच्या खऱ्या रोपवाटिकेत गेला होता. सासऱ्यांच्या हाताखाली त्या आंब्याची कलमे बांधायला शिकल्या. पिशवीतली ओली माती, खुंटाला दिलेली तिरपी चीर, तिच्यात बसवलेली काडी आणि वरून गुंडाळलेली मेणपट्टी हे सगळे अजून त्यांच्या बोटांत होते. येथे मातीचा वासच नव्हता, आणि वास नसलेल्या रोपवाटिकेवर त्यांचा विश्वास बसेना.

डॉक्टर नफीसा मुकादम शल्यविशारद होत्या आणि डॉक्टर तेजस बोरवणकर पेशीशास्त्रज्ञ. त्या दिवशी दोघांनी मिळून सगळे समजावून सांगितले. हर्षदाबाईंचा आजार जन्मजात होता. मूत्रपिंडावर फोड येतात, वाढतात आणि शेवटी मूत्रपिंडच निकामी करतात. त्यांच्याच पेशींपासून नवे मूत्रपिंड दोनदा वाढवून पाहिले, पण बरणीतल्या जलद वाढीत महिन्याभरातच त्यावर फोड आले. परक्याचे बसवावे तर शरीराने ते झिडकारू नये म्हणून जन्मभर औषधे घ्यावी लागली असती, आणि ती त्यांच्या हृदयाला सोसणारी नव्हती.

“म्हणून तिसरी वाट,” बोरवणकर म्हणाले. “मूल पोटात असतं तेव्हा त्याच्या थोड्या पेशी आईच्या रक्तात उतरतात. मूल जन्माला येतं, पेशी मागे राहतात. चाळीस चाळीस वर्षं राहतात. आम्ही त्यांना पाहुण्या पेशी म्हणतो.”

“पाहुणे एवढे दिवस राहतात?” हर्षदाबाईंनी विचारले.

“आमच्याकडचे राहतात,” स्नेहल पुटपुटली.

बोरवणकर हसले आणि पुढे सांगू लागले. हर्षदाबाईंच्या अस्थिमज्जेत अशा अकराशे पेशी सापडल्या होत्या. त्यांचे शरीर या पेशींना इतकी वर्षे ओळखत होते, म्हणून त्यांच्यापासून वाढवलेला अवयव ते आपलाच मानणार होते. शिवाय त्या पेशींत आजाराची खोट नव्हती. आईच्या जनुकांच्या जोडीतला चांगला अर्धाच मुलाकडे गेला होता.

“म्हणजे खुंट माझा आणि काडी निमिषची,” हर्षदाबाई म्हणाल्या.

नफीसांच्या माहेरी बाग होती. “अगदी तसंच, काकू,” त्या म्हणाल्या.

हर्षदाबाई खिडकीपाशी गेल्या. खाली खाडीत बोटी होत्या. त्यांनी लगेच पाठ फिरवली.

निमिष त्यांचा एकुलता एक. बाविसाव्या वर्षी त्याने बापाशी भांडण काढले. त्याला कलमे बांधायची नव्हती, बोटीवर जायचे होते. “गेलास तर तोंड दाखवू नकोस,” असे सुधीर बोलून गेले. नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्याच वादळात हर्णैच्या समुद्रात बोट उलटली. बोटीवर चौघे होते असे मालक सांगत होता, प्रेते तिघांची मिळाली. आठ दिवस शोधाशोध झाली. तेराव्या दिवशी सुधीरनी वर्तमानपत्रात ‘कै. निमिष’ म्हणून छापून आणले आणि त्या दिवसापासून हर्षदाबाईंनी नवऱ्याशी जरुरीपुरतेच बोलायचे ठरवले. त्यालाही आता बावीस वर्षे झाली. सुधीरही गेले. पण घराण्यातल्या प्रत्येक लग्नपत्रिकेत हर्षदाबाई अडून बसायच्या. स्नेहलच्या मुलीच्या लग्नात तर ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं’ या ओळीखाली, चार-पाच वर्षांच्या पोरांच्या रांगेत, तिशी उलटलेल्या ‘चि. निमिष’चे नाव छापावे लागले होते. स्नेहल ते अजून विसरली नव्हती.

आता पुढ्यात संमतिपत्र होते. ‘पाहुण्या पेशींचा मूळ धारक’ या रकान्यात हर्षदाबाईंनी सवयीने लिहिले, ‘चि. निमिष सुधीर पावसकर’. पाचच मिनिटांत अर्जवाचक यंत्राने कागद परत पाठवला. ‘चि.’ आहे म्हणजे धारक जिवंत आहे, आणि धारक जिवंत असेल तर त्याची संमती जोडा.

बोरवणकरांनी दोन्ही वाटा सांगितल्या. ‘चि.’ खोडून ‘कै.’ लिहायचे आणि मृत्यूची घोषणा जोडायची. धारक इतकी वर्षे बेपत्ता असल्याने ती त्याच दिवशी मंजूर होईल आणि उद्यापासून मूत्रपिंड वाढवायला घेता येईल. त्याला अकरा आठवडे लागतात. नाहीतर कायद्याप्रमाणे देशाच्या आरोग्य नोंदवहीत धारकाचा शोध घ्यायचा. त्यात तीन-चार आठवडे जाणार, आणि गाळणपट्टा फार तर पावसाळ्यापर्यंत साथ देणार. होळी तोंडावर आली होती.

“‘कै.’ लिहिलं तर शोध घेणार नाही?”

“मृताला कोण शोधणार, काकू?” बोरवणकर हळूच म्हणाले.

हर्षदाबाईंनी विचार करायला आठ दिवस मागून घेतले.

ते आठही दिवस त्या घरभर फिरत होत्या. कपाटात सुधीरनी तेव्हाच तयार करून ठेवलेला मृत्यूच्या घोषणेचा अर्ज होता, फक्त आईची सही बाकी होती. त्या तो काढत, वाचत आणि परत ठेवत. चौथ्या दिवशी मात्र स्नेहलचा तोल सुटला.

“वहिनी, आज बोलतेच. तो असता तर बावीस वर्षांत एक फोन आला नसता? तो जगात नसेल, नाहीतर तुमच्यापुरता तरी नसेल. काहीही असलं तरी सही करा. त्याच्यापायी मला आता तुम्हाला घालवायचं नाहीये.”

हर्षदाबाई अंगणात गेल्या. कोपऱ्यात पाने झडलेले एक कलम होते, स्नेहल दोन महिने ते टाकून द्या म्हणत होती. हर्षदाबाई वाकल्या आणि त्यांनी अंगठ्याच्या नखाने खोडाची साल किंचित खरवडली. सासऱ्यांनी पहिल्या दिवशी शिकवले होते ते हेच. पाने बघायची नाहीत, सालीखाली बघायचे. आत तपकिरी असेल तर पिशवी रिकामी करायची, हिरवे असेल तर पाणी घालायचे.

आत हिरवे होते.

“ये, बघ,” त्यांनी स्नेहलला बोलावले. “माझ्या पोराला असं कुणी खरवडून पाहिलंय का? आठ दिवस समुद्र पाहिला, एवढंच.”

नवव्या दिवशी त्या टेकडीवर गेल्या तेव्हा नफीसांनी पेन पुढे केले. हर्षदाबाईंनी ते हातात घेतले, ‘चि.’वर टेकवले आणि उचलले. मरणाची भीती वाटत होती, यात काही शंका नव्हती. त्यांना अजून जगायचे होते.

“राहू दे ‘चि.’,” त्या म्हणाल्या. “शोधा.”

शोधाला तेवीस दिवस लागले. त्यात गाळणपट्टा दोनदा बंद पडला. पायांवर सूज आली आणि चपला होईनात. स्नेहल त्यांना रोज गाडीत घालून टेकडीवर आणायची आणि रोज ‘अजून नाही’ ऐकून परत न्यायची.

चोविसाव्या दिवशी बोरवणकरांनी स्वतः दार उघडले. आधी त्यांनी नजर चुकवली. नोंदवहीत निमिष पावसकर सापडला नव्हता. त्याच्या पेशींशी पुरता जुळणारा एकही माणूस त्यात नव्हता. तो कधी कुठल्या रुग्णालयाची पायरी चढलाच नसावा.

हर्षदाबाई खुर्चीत बसल्या. वर्षभरात पहिल्यांदा आपण होऊन बसल्या. पट्टा गुणगुणत राहिला.

“काकू, पुरता जुळणारा नाही मिळाला,” नफीसा म्हणाल्या. “अर्धा जुळणारा मिळालाय.”

“अर्धा माणूस?”

“माणूस नव्हे, पेशी. वेरावळला, एका बाईच्या शरीरात. गेली काही वर्षं बंदरांच्या गावी बाळंतिणींच्या पाहुण्या पेशींची नोंद ठेवतात. तिच्या शरीरातल्या पाहुण्या पेशींचा निम्मा भाग तिचा स्वतःचा आहे. उरलेला निम्मा त्या अकराशे पेशींशी जुळतो.”

स्नेहलने विचारले, “म्हणजे काय?”

“मुलाच्या पेशी आईच्या शरीरात राहतात. मुलाचा निम्मा भाग बापाचा असतो,” बोरवणकर म्हणाले. “त्या बाईने तुमच्या निमिषच्या मुलाला जन्म दिलाय. मुलगी आहे, सात वर्षांची. म्हणजे वादळानंतर चौदा वर्षांनी तो जिवंत होता.”

हर्षदाबाईंनी मुलीचे नाव विचारले. त्या बाईची संमती येईपर्यंत ते सांगता येणार नव्हते. धारकाचा पत्ता लागत नसेल तर त्याच्या अपत्याच्या पालकाची संमती कायद्याला चालणार होती. नफीसांनी त्याच दिवशी वेरावळला पत्र पाठवले. हर्षदाबाईंनी त्यात एकच ओळ घालायला लावली. होकार द्यायचा नसेल तर देऊ नका, पण मुलगी कशी आहे तेवढे कळवा.

उत्तर चौथ्या दिवशी आले. संमती होती. मुलीचे नाव होते हेतवी. तिला गणित आवडत होते आणि पोहायला घरातून बंदी होती. धारकाच्या रकान्यात ‘जिवंत’ आणि ‘मृत’ अशी दोन घरे होती. त्या बाईने दोन्ही कोरी ठेवली होती आणि खाली गुजरातीत लिहिले होते. बोरवणकरांनी भाषांतर वाचून दाखवले. ‘चार वर्षांपूर्वी बोटीवर गेले, आले नाहीत. आपण अनाथ आहोत, असे ते मला सांगायचे. सगळे म्हणतात मृत्यूच्या कागदावर सही कर. मी केलेली नाही.’

अर्जवाचकाने तोही कागद परत पाठवला. दोनपैकी एक घर भरा. नफीसांनी त्यावर ‘धारक बेपत्ता’ असा शेरा मारला, स्वतःची सही केली आणि यंत्राला तो स्वीकारायला लावला.

हर्षदाबाई उठून पुन्हा फिरू लागल्या होत्या. अकरा आठवडे म्हणजे नेमका दिवस कोणता, मध्ये पट्टा बंद पडला तर दुसरा मिळेल का, वेरावळपर्यंतचा प्रवास शस्त्रक्रियेनंतर सातव्या आठवड्यात झेपेल की आठव्यात, असे त्यांचे प्रश्न संपेनात. आणखी चार महिने जगायची घाई त्यांना याआधी कधी झाली नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात त्यांना बरणी दाखवली. आत वाटाण्याएवढे काहीतरी होते आणि ते अगदी हलके फुगत होते. बरणीवर यंत्राने छापलेली चिठ्ठी होती, ‘मूळ धारक: निमिष सुधीर पावसकर’. नावाआधी काहीच नव्हते. यंत्राने वाद टाळला होता.

हर्षदाबाईंनी काचेवर अंगठ्याचे नख टेकवले आणि तसेच राहू दिले.

स्नेहल मागे उभी होती. तिने पर्स उघडली, चष्मा काढला, मग पेन काढले. त्या लग्नपत्रिकेवरून तेव्हा वर्षभर अबोला धरलेल्या त्या बाईने वाकून, चिठ्ठीवर नावाच्या आधी, नीट वळणदार अक्षरात ‘चि.’ लिहिले.

“जागाच कमी ठेवतात मेले,” ती म्हणाली. “आता तरी बसा, वहिनी.”