कोपऱ्यापर्यंत स्पष्ट

फुकटचा सल्ला आहे, पण ऐका. फोटो मोठा करायची लेन्स निवडताना मधला चेहरा बघू नका, कोपरे बघा. मधे कुठलंही भिंग साळसूदच दिसतं.

त्या दुपारी डार्करूममध्ये मी भावजींच्या तीन लेन्स तपासत होतो. भावजी म्हणजे माझ्या ताईचा नवरा. घर सोडून गेले, असं आम्ही लोकांना सांगितलं होतं. खरं तुम्हाला सांगतो. कॅमेऱ्याच्या स्टँडनं ते ताईला बडवत होते. तिनं तो हिसकावला आणि त्यांच्याच डोक्यात घातला. सात वेळा. कवटीचा चिखल झाला. खड्डा मी खणला, स्टँडही त्यांच्याबरोबरच पुरला. मला तेव्हा वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

निगेटिव्ह ताईचीच होती, रिकाम्या भिंतीपुढे एकटी उभी. पहिल्या दोन लेन्सचे कोपरे पुसट आले. तिसरीच्या कडेला तपकिरी डाग होता, पुसून जाईना. तशीच बसवली. अहाहा! भिंतीचे पोपडे मोजून घ्यावेत!

मग सवयीप्रमाणे कागदाच्या चार पट्ट्यांवर तेच चित्र टाकलं. पाच, दहा, पंधरा, वीस सेकंद उजेड देत. एकेक पट्टी औषधात बुडवली.

पाचच्या पट्टीवर, ताईच्या मागे कोपऱ्यात, एक माणूस. दहाच्या पट्टीवर तो पुढे आलेला, हातात स्टँड... अर्धं डोकं नव्हतंच. पंधराच्या पट्टीवर स्टँड ताईच्या केसांना टेकलेला.

तेवढ्यात दार वाजलं.

"उघड रे... घरात कुणीतरी आहे..."

आणि मी गाढव, जन्मभराच्या सवयीनं ओरडलो, "थांब ताई, कागद उघडा आहे!"

उजेड लागला तर कागद वाया जातो ना! पाकिटात घालून डबा बंद करायला दहा सेकंद लागले असतील.

"लवकर रे राजा..."

मग धप्प. पुन्हा धप्प. सात मोजले.

दार रेटावं लागलं. ऊन रक्त उंबऱ्यावरून माझ्या पायांपर्यंत आलं. ताईचा चेहरा उरला नव्हता. शेजारी स्टँड पडला होता, ओल्या मातीनं माखलेला.

कागद मात्र एकही खराब झाला नाही.

चौथी पट्टी ही बघा. हिच्यात मी आहे, याच खुर्चीत, याच सदऱ्यात. समोर तुम्ही. माझ्या मागच्या कोपऱ्यात कुणीतरी उभं आहे... मला वळवत नाही. तुम्हीच बघा. ताई असेल तर सांगा, मला तिची माफी मागायची आहे.