तेरावा फोन

"मामा, चष्मा तुझ्या डोक्यावरच असेल. टेबलाखाली काय शोधतोयस?"

टेबलाखालून एक डोकं वर आलं. ते मामाचं नव्हतं.

"मी राउटरवाला," केसांतली धूळ झटकत तो म्हणाला. "आणि मला चष्मा नाही."

मला हसू आवरेना. मामाच्या ऑफिसात आम्ही घरांचे नकाशे काढतो, आणि दुपार झाली की आमचं इंटरनेट मान टाकतं. मामाला साधा, स्वस्त राउटर हवा होता. मी विचारलं, मधला घ्यावा का?

"अंदाजानं मी विकत नाही," तो म्हणाला. "राउटरला काय काय जोडलंय त्याची यादी कॉम्प्युटरवर दिसते. आठवडाभर दुपारी आणि संध्याकाळी ती उघडा. किती फोन, किती कॉम्प्युटर जोडलेत ते लिहा. बारापर्यंत साधा पुरेल. त्यावर गेलं तर मधला."

मी मान डोलावली. यादीकडे कमी आणि त्याच्याकडेच जास्त बघत होते, हे खरं.

दुपारी यादीत बारा. संध्याकाळी साडेपाचला तेरा... दहा मिनिटांनी पुन्हा बारा. रोज! सगळ्यांचे फोन तपासले, तेरावा कोणाचाच निघेना. पासवर्ड आमच्याशिवाय ठाऊक होता फक्त एकाला. राउटरवाल्याला! पण नवा राउटर आला की पासवर्ड बदलणार, आणि तेरावा जाणार तो कायमचाच. विचारावं, तर अंदाज चुकल्यास माझीच शोभा.

आठव्या दिवशी तो येणार होता. मी यादी उघडूनच बसले. बारा... बारा... जिन्यावर पावलं वाजली, आणि तेरा.

"किती भरले?" त्यानं आत येत विचारलं.

मी स्क्रीन त्याच्याकडे वळवली. "बारा आमचे. तेरावा कोण — तुम्हीच सांगा."

त्यानं खिसा चाचपला. कान लालबुंद झाले. "मोजायला सांगताना... स्वतःला धरलंच नाही मी."

"रोज साडेपाचला आमच्या ऑफिसखाली काय काम असतं तुमचं?"

"तुम्ही खिडकी बंद करायला येता," तो हळूच म्हणाला. "वर यायला कारण सापडत नव्हतं."

हसू दाबत मी स्क्रीन पुन्हा माझ्याकडे वळवली.

आतून मामानं हाक मारली, "काय गं, साधाच ना?"

"नाही मामा, मधला. आपण तेरा आहोत."

नवा पासवर्ड मी सगळ्यात आधी त्याच्या फोनवर टाकला. साडेपाच वाजता खिडकी त्यानं बंद केली... आतून.