परतीच्या फेरीतली थरथर

हेलिकॉप्टर उतरलं की दिवसभरात ते कुठे किती थरथरलं, त्याचा आलेख ताईच्या पडद्यावर येई. पंखा, शेपटी, गिअरबॉक्स, केबिनची जमीन, सगळीकडे सेन्सर बसवलेले. समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर माणसांची ने-आण करणारं यंत्र कुठे कुरकुरतंय, ते वेळेआधी ओळखायचं हे तिचं काम. हँगरमध्ये लहानथोर सगळे तिला ताईच म्हणत.

गेल्या वर्षी कंपनीचं एक हेलिकॉप्टर परतीच्या फेरीत पाण्यात कोसळलं. सगळे सापडले. प्लॅटफॉर्मवर क्रेन चालवणारा तिचा धाकटा भाऊ तेवढा सापडला नाही. ताई लगेच कामावर हजर झाली. घरी आईसमोर बसण्यापेक्षा ते सोपं होतं.

आणि आता या नव्याकोऱ्या हेलिकॉप्टरच्या आलेखात, मागच्या खिडकीजवळच्या सीटखाली, बारीकशी थरथर दिसू लागली. जाताना काही नाही. फक्त परतताना.

"सेन्सर सैल असेल," मेकॅनिक म्हणाला. त्याने सेन्सर बदलला, सीटचे बोल्ट आवळले, पंख्याचा तोल नव्याने साधला. थरथर जागच्या जागी. पंख्याची थरथर एकसारखी असते. ही मध्येच थांबे, पुन्हा सुरू होई.

"तिथे कोण बसतं?" तिने कॅप्टनला विचारलं.

कॅप्टनने हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं. "येताना कुणीच नाही. अवघडून बसतील, पण ती सीट सोडतात. म्हणतात, तिथे गार लागतं."

ताईने उड्डाणं थांबवली. मॅनेजर वैतागला. "तिकडे माणसं खोळंबलीत. वर काय कारण सांगू?"

"सापडलं नाही म्हणून सांगा. तोवर मी कुणाच्या घरचं माणूस त्यात बसवणार नाही."

मॅनेजरने मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी चाचणीचं उड्डाण निघालं. पुढे कॅप्टन आणि त्याचा सहवैमानिक, मागे एकटी ताई. लख्ख ऊन पडलं होतं. जाताना सगळं ठाकठीक. परतताना ती मुद्दाम त्या रिकाम्या सीटशेजारी बसली.

किनारा अजून दिसत नव्हता. मांडीवरच्या पडद्यावर रेघ हलली.

तिने सीटवर तळवा ठेवला. गार होती.

भरभर. थांबली. पुन्हा भरभर.

लहानपणी दोघं एकाच टेबलावर अभ्यासाला बसत. तो सारखा पाय हलवी आणि तिचं अक्षर बिघडे. रोजचं भांडण.



"पाय थांबव रे," ती पुटपुटली.

रेघ सरळ झाली.

मग मात्र तिला रडू आवरेना. तळवा न उचलता ती म्हणाली, "चल. घरी चल आता."

हेडफोनमध्ये कॅप्टनचा आवाज आला. "ताई, काही केलंत का? मशीन एकदम शांत झालंय."



दुपारी पुन्हा एक फेरी झाली. आलेख अगदी स्वच्छ आला. तिने उड्डाणाला परवानगी दिली आणि घरी निघाली.

ऊन कलत होतं. आईने दार उघडलं. ताई आत जाऊन चपला काढू लागली, तरी आई दार लावेना. मग ती जराशी बाजूला सरली, कुणाला वाट द्यावी तशी.

"डोकं पूस रे आधी," बाहेरच्या रिकाम्या पायरीकडे बघत आई म्हणाली. "किती भिजलायस."