चौथा पिस्टन

“कुणीतरी माझा घात केलाय,” उस्ताद आल्याआल्या म्हणाले. “चाळीस वर्षं इंजिनं बांधतोय. आता लोक म्हणतात, म्हातारा कामातून गेला.”

खासगी तपासाचं काम करणाऱ्या बाईंना दीर वहिनी म्हणायचा, म्हणून सगळेच वहिनी म्हणत. त्यांचे पाय दुखत होते आणि असल्या भानगडींचा आताशा वीट आला होता. तरी दिराला घेऊन त्या उस्तादांच्या गॅरेजात गेल्या. दीर निवृत्त कारकून. लिहून सगळं घ्यायचा, उमगायचं मात्र काही नाही.

एका लाँचचं जुनं इंजिन उस्तादांनी नव्याने बांधून दिलं होतं; त्याचं बेअरिंग तीन तासांत खलास झालं होतं. इंजिन पुन्हा उघडून बाकावर मांडलं होतं.

“उतारू अडकले ना भर पाण्यात!” लाँचमालक वैतागला होता. “यांना आता झेपत नाही, दुसरं काय!”

“पिस्टनच्या माथ्यावर जळून साचलेला कार्बन कसा काढता?” वहिनींनी उस्तादांना विचारलं.

“दिवसभर रॉकेलमध्ये भिजवायचं, मग लाकडी पट्टीने खरवडायचं. पॉलिश पेपरला मी हात लावत नाही. त्याची वाळू इंजिन खाते.”

वहिनींनी पिस्टन उजेडात धरले. तीनांचे माथे गुळगुळीत. चौथ्यावर बारीक गोल चरे. “हा बघा.”

उस्तादांनी तो खिडकीशी नेऊन उलटसुलट केला, अंगठा फिरवला. “चारही सारखेच की.”

भाऊजींनी लिहिलं: चारही सारखेच.

उस्तादांचा धाकटा भाऊ कोपऱ्यात बोल्ट पुसत होता. “दादा साफ करतो, मी जोडतो. मला काय विचारता?” त्याने मान वर केली नाही.

“मालकानेच तेलात वाळू टाकली असणार,” भाऊजी कुजबुजले.

वहिनी स्टुलावर बसल्या. हे बोलणं त्यांच्या जिवावर आलं होतं.

“घात करणारा पिस्टन घासत बसेल होय, भाऊजी? चरे कार्बन काढल्याचे आहेत. म्हणजे चौथ्यावर तो राहिला होता, आणि जोडणाऱ्याला दिसला. त्याने घाईत पॉलिश पेपर मारला. वाळू रिंगांच्या खाचेत राहिली, तिथून तेलात गेली. उस्ताद, हे चरे मला चष्म्याशिवाय दिसले. तुम्हाला खिडकीशी नेऊनही दिसले नाहीत.”

धाकट्याचा हात थांबला. “मालक दारात उभे होते, दादा. भिजवायला वेळच नव्हता. तुझी मान खाली जाऊ नये म्हणून...”

“याआधी कितीदा?” उस्तादांनी विचारलं.

“दोन वर्षं झाली, तुझं राहिलेलं मीच काढतोय. पण दरवेळी पट्टीनेच, शप्पथ!”

उस्तादांनी हातातला पिस्टन बाकावर ठेवला.

“म्हणजे दोन वर्षं इंजिनं तू बांधतोयस,” ते म्हणाले, “आणि उस्ताद म्हणतात मला.”